किमान आठ

काझी मॅडम आधी खडू मोडतात,
मग लिहितात: समजा, दहा बिया.
प्रत्येक बी उगवण्याची संभाव्यता शून्य पूर्णांक आठ.
किमान आठ उगवतील, याची संभाव्यता काढा.

वर्गात चौतीस जण. पंखे दोन, चालू एक.
मागून वैजनाथ विचारतो, "मॅडम, कशाच्या बिया?"
"कशाच्याही. सूत्र वाण विचारत नाही."
वैजनाथ वहीत लिहितो: वाण नाही.

मला वाण माहीत आहे.
माझी आई जालन्याच्या एमआयडीसीत
बियाण्याच्या पट्ट्यापाशी आठ तास उभी असते,
शेजारणीशी बोलता बोलता, खाली न बघता
फुटकी सोयाबीन बोटानं बाजूला सारते.
मी विचारलं, किती टक्के उगवंल ही?
ती म्हणाली, "बी काय टक्क्यात उगवतं व्हय?
उगवलं तर उगवलं,
न्हाई तर न्हाई."

फळ्यावर नेमकं हेच होतं.
दोनच निकाल: यश, अपयश.
मधली जागा मॅडमनी मोकळी सोडली होती
आणि त्यात काही लिहू नका म्हणाल्या होत्या.

पहिल्यांदा माझं उत्तर चुकलं.
आठ वेळा आठ दशांश, दोन वेळा दोन दशांश,
सगळ्यांचा गुणाकार, आणि उत्तर इतकं बारीक
की शंभरात एकदासुद्धा ते व्हायचं नाही.
मॅडमनी लाल पेनानं एवढंच विचारलं:
"कोणत्या दोन?"

कोणत्या दोन उगवणार नाहीत?
पहिली आणि चौथी. किंवा तिसरी आणि दहावी.
किंवा शेवटच्या दोघी, संगनमतानं.
मी रात्री जोड्या मांडत बसले,
पंचेचाळीस झाल्या तेव्हा
समोरच्या पिठाच्या गिरणीचं शटर पडलं.
पंचेचाळीसनं गुणलं. तीस दशांश पुढं आले.
आठ झाले. पण किमान आठ म्हणजे नऊही, दहाही.
किमान हा शब्द दार लावून घेत नाही,
वर येणाऱ्या सगळ्यांना आत घेतो.
बेरीज: शून्य पूर्णांक अडुसष्ट.

मग मी खरंच दहा बिया घेतल्या,
बापूच्या जुन्या रुमालात, ओल्या करून,
गुंडाळून माठाच्या बुडाशी ठेवल्या.
आठव्या दिवशी उलगडलं.
सात.

भाऊ म्हणाला, पिशवीवर ऐंशी टक्के छापलंय,
थापा मारतात.
मी एकातून अडुसष्ट वजा केले.
बत्तीस.
पिशवी खरी असली तरी
शंभर रुमालांतले बत्तीस
सातावर किंवा त्याच्याही खाली थांबतील.
भाऊ म्हणाला, मग खोटं कधी म्हणायचं?
ते पुढच्या सत्रात आहे, मी म्हणाले.

आई तोवर रुमाल नाकाशी नेऊन बघत होती.
"ह्या तिघी चिकटून ठिवल्या व्हत्यास.
एकीला बुरशी आली, तिनं दोघींना दिली."

वही काढली. अट क्रमांक चार:
चाचण्या परस्परांपासून स्वतंत्र असाव्यात.
मी ती पाठ केली होती, दोन गुणांसाठी,
स्वतंत्र या शब्दाला बोटाएवढं अंतर लागतं
हे कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरा रुमाल आईनंच मांडला.
एका बीपासून दुसरी बी एक बोट लांब,
जसं पंगतीत बसवतात
सासर-माहेरच्या बायकांना.

पहिल्या रुमालातल्या तिघी टाकून द्यायच्या राहिल्या.
नवव्या दिवशी संध्याकाळी
त्यातल्या मधलीनं पांढरं टोक बाहेर काढलं,
वाकडं, बुरशीतूनच.
मोजणी आठव्या दिवशी बंद झालेली,
उत्तर पेनानं लिहिलेलं, खाली दोन रेघा मारलेल्या.

आई रंगाच्या डब्यात माती भरत होती.
"हिचा नंबर कितवा मग?" तिनं विचारलं,
आणि माझ्या उत्तराची वाट न बघता
बोटानं खळगा केला.